बायबलच्या अचूकतेवर वाद घालायचा, तर त्याच प्रश्नावर घालूया

मराठी मंडळ्यांचे पाळक, शास्त्रशिक्षक, तरुणसंघांचे संयोजक आणि त्यांच्याशी वाद घालायला येणारे टीकाकार यांना खुले पत्र

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. ज्यांना हा सलाम आपला वाटत नाही, त्यांना तितकाच सप्रेम नमस्कार.

बायबल पूर्णपणे चूकविरहित आहे का, हा प्रश्न आता आपल्या तरुणसंघांत, शिबिरांत, अभ्यासवर्गांत उघडपणे विचारला जातो. मला त्याचा आनंद आहे. एका मंडळीत मी प्रौढांचा बायबल अभ्यासवर्ग घेते, आणि ज्या वर्गात कुणी काहीच विचारत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. पण हा प्रश्न चर्चेला घेतला की तासाभरात काय होतं ते तुम्हीही पाहिलं आहे. विषयाला फाटे फुटतात. कुणी उत्क्रांतीवर बोलतो, कुणी मिशनऱ्यांवर, कुणी धर्मयुद्धांवर, कुणी गीता आणि कुराणावर. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या प्रार्थनेच्या सवयींची चौकशी होते. समोरून आलेला पाहुणा 'तुम्ही लोक डोळे मिटून मानता' असं म्हणून टाळ्या घेतो. आणि ज्या शास्त्रभागावरून सगळं सुरू झालं, तो शेवटपर्यंत कुणी उघडून वाचत नाही.

मी स्वतः बायबलला देवाचं वचन मानते. हे आधीच सांगते, म्हणजे माझी बाजू कोणती हे शोधण्यात कुणाचा वेळ जाणार नाही. पण माझ्याच बाजूच्या माणसाने केलेला अप्रामाणिक युक्तिवाद मला समोरच्याच्या अप्रामाणिक युक्तिवादापेक्षा जास्त लागतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, अशी आज्ञा ज्या ग्रंथात आहे त्याच्या बचावासाठी समोरच्याचं म्हणणं वाकवून सांगणं, म्हणजे ती आज्ञाच मोडणं.

सगळा घोळ दाव्यापासूनच सुरू होतो. 'बायबलमध्ये चूक नाही' हे वाक्य चार माणसं चार अर्थांनी बोलतात. एकाच्या मते देवाने शब्दन् शब्द सांगितला आणि माणसाने तो नुसता उतरवून घेतला. दुसऱ्याच्या मते शैली, स्वभाव, काळ हे सगळं लेखकांचंच, पण त्यांनी जे जे प्रतिपादन केलं त्यात चूक नाही. १९७४ च्या लोझान करारनाम्याचा, म्हणजे इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) पुढाऱ्यांच्या जाहीरनाम्याचा, सूर साधारण असा आहे. तिसरा कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये घेतलेली भूमिका सांगतो: आपल्या तारणासाठी जे सत्य लिहून ठेवलं जावं अशी देवाची इच्छा होती, ते शास्त्र खात्रीने आणि बिनचूक शिकवतं. चौथा म्हणतो, विश्वास आणि आचरण यांच्या बाबतीत बायबल मला फसवणार नाही, इतिहास-भूगोलाच्या बारीकसारीक तपशिलांचा माझा आग्रह नाही. वसईच्या कॅथलिक घरातला तरुण आणि नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळीतला तरुण एकाच बाकावर बसून 'बायबल अचूक आहे' म्हणतात, तेव्हा दोघं एकच गोष्ट म्हणत असतील असं धरून चालता येत नाही. या चारही दाव्यांवर एकच आक्षेप चालत नाही, आणि चारही दाव्यांना एकच उत्तर पुरत नाही. तरीही आपण सभेच्या फलकावर एक ओळ लिहितो आणि दोन वक्त्यांना समोरासमोर बसवतो.

यांतल्या दुसऱ्या दाव्याची सर्वांत नेमकी मांडणी ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेत, शिकागोला झाली. जवळपास ३०० इव्हँजेलिकल विद्वानांनी आणि पुढाऱ्यांनी त्या निवेदनावर सह्या केल्या. जे. आय. पॅकर, फ्रान्सिस शेफर, आर. सी. स्प्रोल ही त्यांतली काही नावं. निवेदनात १९ कलमं आहेत, आणि प्रत्येक कलमात 'आम्ही हे मानतो' याच्या जोडीला 'आम्ही हे नाकारतो' असाही भाग आहे. हा नकाराचा भाग फार मोलाचा आहे, आणि आपल्या चर्चांत नेमका तोच कुणी वाचत नाही. दहावं कलम सांगतं की प्रेरणा, म्हणजे लेखकांना देवाकडून मिळालेली लिखाणाची प्रेरणा, काटेकोर अर्थाने मूळ हस्तलिखितांनाच लागू होते. तेरावं कलम सांगतं की आजच्यासारखा तांत्रिक काटेकोरपणा नसणं, व्याकरणातली किंवा लिखाणातली अनियमितता, निसर्गाचं डोळ्यांना दिसतं तसं वर्णन, ठोकळ आकडे, अतिशयोक्ती, काळाऐवजी विषयानुसार केलेली मांडणी, एकाच घटनेच्या दोन वृत्तांतांत निवडलेले वेगळे तपशील, सैलपणे दिलेली अवतरणं, यांपैकी कशानेही अचूकतेला बाध येत नाही.

टीकाकार मित्रांनो, हे कलम वाचल्यावर तुमच्या भात्यातले काही बाण तुम्हाला खाली ठेवावे लागतील. १ राजे ७:२३ मध्ये शलमोनाच्या मंदिरातल्या ओतीव गंगाळसागराचा, म्हणजे पाण्याच्या मोठ्या गोल कुंडाचा, व्यास दहा हात आणि घेर तीस हात दिला आहे. गणिताने घेर एकतीस हातांहून थोडा जास्त भरतो. हा दाखला मी इतक्या वेळा ऐकला आहे, की समोरच्याने शिकागोचं निवेदन उघडूनही पाहिलं नाही हे तेवढ्यावरून कळतं. ठोकळ आकडे चालतात असं ज्यांनी आधीच लिहून दिलं, त्यांच्या दाव्याला या आकड्याने ओरखडाही उठत नाही. येशूने मोहरीच्या दाण्याला सगळ्या बियांत लहान म्हटलं, त्याचंही तेच. तो जगातला सगळ्यांत लहान दाणा नाही, पण गालीलच्या शेतकऱ्याशी त्याच्या नेहमीच्या बोलण्यात बोलणाऱ्या माणसाला वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेला बसवणं हा आक्षेप होत नाही. तेरावं कलम हीच मुळात पळवाट आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं म्हणा आणि त्या कलमावर वाद घाला. तो खरा वाद आहे आणि मला तो ऐकायचा आहे.

आणि पाळकहो, तो वाद तुमच्याकडे येणारच. एवढ्या सगळ्या गोष्टी चूक म्हणून धरायच्याच नाहीत, तर चूक म्हणायचं तरी कशाला? याचं उत्तर चर्चेला बसण्याआधी तयार ठेवा आणि सभेपुढे आधी सांगा. अमुक ठिकाणी अमुक प्रकारचा पुरावा मिळाला तर मी ती चूक मानेन, असं एकही वाक्य ज्याला बोलता येत नाही, त्याने आपण पुरावा तपासत नसून आपल्या विश्वासाची कबुली देत आहोत हे स्पष्ट करावं. त्यात काहीच कमीपणा नाही. प्राचीन चर्चचा थोर धर्मशास्त्री ऑगस्टिन याने इ. स. ४०५ च्या सुमारास बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला लिहिलेल्या पत्रात हेच केलं आहे. शास्त्रात सत्याशी न जुळणारं काही दिसलं, तर तो तीनच शक्यता धरतो: हाती आलेली प्रत सदोष असेल, भाषांतर करणाऱ्याला अर्थ लागला नसेल, किंवा मला स्वतःला तो कळला नसेल. लेखकच चुकला असेल ही चौथी शक्यता त्याने सुरुवातीलाच बाजूला ठेवली आहे, आणि ठेवली आहे हे उघड लिहिलं आहे. आपल्याकडे मात्र हेच गृहीत धरून निघायचं आणि तासाभराने तेच निष्कर्ष म्हणून सभेला सांगायचं, असं होतं. ऐकणाऱ्यांना ते कळतं.

समोरच्या बाजूचंही एक गृहीत असतं. माशाच्या पोटात जिवंत राहिलेल्या योनाच्या गोष्टीला किंवा मेलेल्या लाजराच्या उठण्याला कुणी 'चूक' म्हणतो, तेव्हा चमत्कार घडूच शकत नाहीत हे त्याने आधी ठरवलेलं असतं. तसं मानण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण मग तो वाद चमत्कार शक्य आहेत का यावरचा आहे. त्याच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा.

आता मूळ हस्तलिखितांकडे येते, कारण सगळ्यांत जास्त सारवासारव मी तिथे पाहिली आहे.

२ राजे ८:२६ सांगतं की अहज्या यहूदाचा राजा झाला तेव्हा २२ वर्षांचा होता. २ इतिहास २२:२ च्या हिब्रू पाठात तोच आकडा ४२ आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी गादीवर बसला, ८ वर्षं राज्य करून मेला, असं दिलं आहे. म्हणजे ४० व्या वर्षी मेलेल्या बापाच्या गादीवर ४२ वर्षांचा मुलगा बसला, आणि तोही सर्वांत धाकटा. इथे नक्कल करणाऱ्याचा हात चुकला, हे जवळपास सगळे अभ्यासक मान्य करतात, अचूकतेचा सिद्धांत मानणारेसुद्धा. काही प्राचीन भाषांतरांत २२ हा आकडा सापडतोही. इथे 'मूळ प्रतीत असं नसणार' हे उत्तर प्रामाणिक आहे, कारण त्यामागे काहीतरी हाती लागण्यासारखं आहे: समांतर वृत्तांत आहे, भाषांतरांची साक्ष आहे, आणि खुद्द त्याच पुस्तकातला हिशेब आहे.

पण हेच उत्तर आपण जिथे हस्तलिखितांत कसलाही फरक नाही तिथेही देऊ लागलो, तर ते उत्तर राहत नाही. मार्क ६:८ मध्ये येशू बारा शिष्यांना पाठवताना काठी सोडून वाटेसाठी दुसरं काही घेऊ नका म्हणतो. लूक ९:३ मध्ये काठीही घेऊ नका म्हणतो. मत्तय १०:१० मध्येही काठीला नकार आहे. अभ्यासवर्गांत याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं: मत्तयात 'नवीन मिळवू नका' असा अर्थ आहे, हातात असलेली काठी चालेल. मत्तयापुरतं हे उत्तर विचार करण्याजोगं आहे, कारण तिथलं ग्रीक क्रियापद खरोखर मिळवण्याचं आहे. पण लूकने क्रियापद मार्कचंच वापरलं आहे. म्हणजे अडचण लूककडे जशीच्या तशी उभी आहे. शिक्षकाने मत्तयाचं उत्तर सांगून लूकचं नावच घेतलं नाही, तर वर्गातली माणसं समाधानाने घरी जातील, आणि त्यांच्यातला एखादा घरी जाऊन लूक उघडेल. मला त्या एकाची काळजी वाटते. 'लूकचं मला अजून सुटलेलं नाही' असं शिक्षकाने म्हटलं असतं, तर तो त्याच शिक्षकाकडे परत आला असता.

मार्कच्या सोळाव्या अध्यायाचंही असंच आहे. ९ ते २० ही वचनं चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही थोर हस्तलिखितांत नाहीत. योहान ७:५३ ते ८:११, म्हणजे व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग, सर्वांत जुन्या प्रतींत नाही. सेमिनरीत शिकलेल्या प्रत्येक पाळकाला हे ठाऊक असतं. मग ते मंडळीला का सांगितलं जात नाही? लोकांचा विश्वास डळमळेल, असं कारण मला नेहमी दिलं जातं. माझा अनुभव उलटा आहे. सतरा-अठरा वर्षांची मुलं हे मोबाइलवर वाचतातच, आणि त्यांना धक्का त्या बारा वचनांचा बसत नाही. आपल्या माणसांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी आपल्याला सांगितलं नाही, याचा बसतो. तो विश्वास परत मिळवणं फार अवघड जातं. शिवाय अचूकतेचा दावा मूळ लिखाणाबद्दल असेल, तर मूळ लिखाणात काय होतं याची चौकशी त्या दाव्यात आलीच. पाठांची तुलना करणारा अभ्यासक तुमचा शत्रू नाही. तुमच्या दहाव्या कलमाने ज्या कामाची गरज निर्माण केली, ते काम तो करतो आहे.

याच ठिकाणी आणखी एक गल्लत होते. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत हस्तलिखितं सापडत गेली, आणि त्यांतली यशयाची मोठी गुंडाळी तोवर हाती असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. मजकूर बराचसा जुळला. ही विलक्षण गोष्ट आहे, मीही ती वर्गात आनंदाने सांगते. पण तिच्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की यशयाची नक्कल पिढ्यान् पिढ्या काळजीने झाली. यशयाने लिहिलं ते खरं की खोटं, हा प्रश्न नकलेच्या काळजीने सुटत नाही. नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांचं तेच. जतन आणि सत्यता हे दोन प्रश्न आहेत, आणि पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरणं हा विषय सोडून जाण्याचा सर्वांत सोज्वळ दिसणारा प्रकार आहे. त्यातून जो यशयाची गुंडाळी सांगतो, त्याने त्याच गुहांमधल्या यिर्मयाच्या तुकड्यांबद्दलही सांगायला हवं. त्यांतला एक तुकडा ज्या आखूड पाठाशी जुळतो, तो आपल्याला जुन्या ग्रीक भाषांतरातून ठाऊक होता आणि प्रचलित हिब्रू यिर्मयापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. सोयीचा पुरावा सांगून गैरसोयीचा गाळला, तर वाक्यं सगळी खरी असूनही साक्ष खोटी ठरते.

उत्खननाबद्दलही थोडक्यात. १९९३ मध्ये तेल दान इथे सापडलेल्या अरामी शिलालेखात 'दाविदाचं घराणं' असा उल्लेख आहे. दावीद निव्वळ दंतकथा होता असं म्हणणाऱ्यांना त्याने मोठा अडथळा घातला. पण दावीद होऊन गेला आणि शमुवेलाच्या पुस्तकांतला प्रत्येक तपशील अचूक आहे, यांच्यामध्ये लांबचं अंतर आहे. तेच अंतर उलट दिशेनेही आहे, टीकाकारहो. इतिहासाच्या पुस्तकात एक आकडा चुकला, म्हणून येशूचं पुनरुत्थान झालं नाही असं ठरत नाही. पुनरुत्थानाविरुद्ध तुमच्याकडे युक्तिवाद असतील तर ते मांडा. अहज्याच्या वयावरून तिकडे उडी मारू नका.

गुलामगिरी, धर्मयुद्धं, वसाहतींचा काळ, धर्मांतरं हे सगळे गंभीर विषय आहेत. महाराष्ट्रात तर ते अजून दुखतात, कारण आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी जातीच्या जाचातून सुटण्यासाठी बाप्तिस्मा घेतला आणि त्यावरून टोमणे ऐकले. या विषयांवर बोललंच पाहिजे. पण अचूकतेवरचा प्रश्न अंगाशी आला की तुमच्या मिशनऱ्यांनी काय केलं असं विचारणारा, आणि त्याला मग तुमच्या ग्रंथांत काय कमी आहे असं उत्तर देणारा, दोघंही एकच गोष्ट करतात: समोर पडलेलं वचन झाकतात. दुसऱ्याच्या ग्रंथातली अडचण दाखवून आपल्या ग्रंथातली सुटत नाही. हे वाक्य मी माझ्या वर्गात फार वेळा म्हणते, कारण हा मोह आपल्याकडेच जास्त आहे.

आता ज्याविषयी मला सर्वांत कळकळीने लिहायचं आहे तिथे येते. प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं काय होतं?

अमेरिकेत १९४९ मध्ये स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीच्या सभासदत्वाला बायबल मूळ हस्तलिखितांत चूकविरहित आहे ही कबुली लागते. नव्या कराराचे अभ्यासक रॉबर्ट गंड्री यांनी ती दिलेली होती आणि ती त्यांनी कधी मागे घेतली नाही. मत्तयावरच्या १९८२ च्या भाष्यात त्यांनी म्हटलं की मत्तयाने काही ठिकाणी यहुदी मिद्राश पद्धतीने (शास्त्रातल्या मजकुराचा विस्तार करत अर्थ सांगण्याच्या रीतीने) कथा खुलवल्या आहेत, आणि ती मान्य लेखनशैली असल्यामुळे त्यात चूक होत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी मतदानाने त्यांचा राजीनामा मागितला, आणि त्यांनी तो दिला. २०११ मध्ये तेच वादळ मायकेल लिकोना यांच्याभोवती उठलं. येशूचं शारीरिक पुनरुत्थान ऐतिहासिक पुराव्याने मांडण्यासाठी लिहिलेल्या मोठ्या पुस्तकात त्यांनी मत्तय २७:५१-५३ मधल्या कबरींतून उठलेल्या पवित्र जनांचं वर्णन काव्यात्म असू शकेल, अशी शक्यता मांडली होती. अचूकतेचा सिद्धांत मानणारे नॉर्मन गाइस्लर यांनी त्यांना खुली पत्रं लिहून माघार घ्यायला सांगितलं.

या दोघांचं मत्तयाबद्दलचं मत मला स्वतःला पटत नाही. पण लेखक इथे काय प्रतिपादन करतो आहे आणि ते प्रतिपादन खरं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिला आधी सोडवावा लागतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. दाखल्यातला उधळ्या पुत्र खरोखर होऊन गेला का, असं आपण विचारत नाही. कारण तिथे येशू गोष्ट सांगतो आहे, हे आपण आधीच ठरवलेलं असतं. प्रत्येक अडचणीला 'हे काव्य आहे' म्हणून बगल देता येत नाही, हेही तितकंच खरं. गाइस्लर यांची भीती तीच होती आणि ती बिनबुडाची नव्हती. शिकागोच्या निवेदनाच्या अठराव्या कलमातही तोच इशारा आहे. ही रेघ कुठे ओढायची, यावर दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माझा आक्षेप मतदानाने आणि नोकरीच्या भीतीने ती रेघ ओढण्यावर आहे. ज्याची उपजीविका उत्तरावर अवलंबून आहे, त्याच्याकडून आपण प्रामाणिक उत्तर कसं मागणार? आणि त्याने सिद्धांताच्या बाजूने उत्तर दिलं, तरी ऐकणाऱ्याने ते कितपत मोलाचं मानायचं?

आपल्याकडे मतदान होत नाही. शांतपणे उपदेशाची पाळी काढून घेतली जाते. संडे स्कूलच्या शिक्षिकेला 'थोडी विश्रांती घ्या' सांगितलं जातं. तिच्यासाठी प्रार्थनेची विनंती जाहीर होते, आणि तिच्या प्रश्नाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. अशांना मी ओळखते. तुम्हीही ओळखता. म्हणून शिकागोच्या शेवटच्या, एकोणिसाव्या कलमाकडे मी तुमचं लक्ष वेधते. सह्या करणाऱ्यांनी तिथे लिहिलं आहे की तारणासाठी ही अचूकतेची कबुली आवश्यक आहे असं आम्ही मानत नाही. पुढे त्यांनी असंही लिहिलं आहे की ती नाकारली तर व्यक्तीवर आणि मंडळीवर गंभीर परिणाम होतात. दोन्ही वाक्यं त्यांचीच आहेत, दोन्ही वाचा. पण इथे चूक दिसते म्हणणारा ख्रिस्ती नाहीच, असं व्यासपीठावरून म्हणणारा माणूस या सिद्धांताच्या सर्वांत कडव्या समर्थकांच्याही पुढे गेला आहे, आणि तेही आपल्याच एखाद्या लेकराच्या अंगावर.

समोरच्याचं म्हणणं नीट मांडण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्यात जाहीर वाद झाला, आणि मोरभटांनी आपलं म्हणणं पुस्तिकेत छापलं. विल्सननी १८३२ मध्ये त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिलं. त्या पुस्तकाचा सूर मला आवडत नाही, हिंदू धर्माबद्दल त्यात फार कठोर भाषा आहे. पण स्वतःच्या उत्तराआधी त्यांनी मोरभटांच्या पुस्तिकेचं भाषांतर जोडलं, म्हणजे वाचकाला आधी विरोधक काय म्हणतो ते कळेल आणि मग विल्सन काय म्हणतात ते. एवढं तरी आपण आज करू शकतो. बोलणाऱ्याने पहिली पाच मिनिटं समोरच्याचं म्हणणं सांगण्यात घालवावीत, आणि समोरच्याने 'हो, मी हेच म्हणतो' असं म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये. अर्धं वाक्य तोडून आणलेल्या विद्वानांच्या अवतरणांपेक्षा यातून जास्त काही हाती लागेल.

माझी सूचना अशी आहे. पुढचं सत्र एकाच घटनेवर ठेवा: दाविदाने केलेली शिरगणती, २ शमुवेल २४ आणि १ इतिहास २१. दोन्ही अध्याय मोठ्याने, सलग वाचून काढा. मग लक्षात येईल की इथल्या अडचणी एका जातीच्या नाहीत. शमुवेलात परमेश्वर दाविदाला प्रवृत्त करतो, इतिहासात सैतान करतो. हा नकलेचा दोष नाही. देव आणि वाईट यांच्या संबंधाकडे दोन लेखक कसे पाहतात, हा तिथला प्रश्न आहे, आणि त्याला ईश्वरज्ञानाच्या अंगानेच भिडावं लागेल. शिक्षा म्हणून दाविदापुढे ठेवलेल्या दुष्काळाची वर्षं हिब्रू शमुवेलात ७ आहेत, इतिहासात ३. पण शमुवेलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही ३ आहेत, म्हणजे इथे पाठाच्या इतिहासाकडे बोट दाखवायला जागा आहे. योद्ध्यांची संख्या शमुवेलात इस्राएलचे ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख, तर इतिहासात ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. ५ लाख हा ठोकळ आकडा म्हणता येईल. ८ लाख आणि ११ लाख यांतला फरक तसा म्हणता येणार नाही. वेगळ्या तुकड्या मोजल्या असं म्हणणाऱ्याने त्याला मजकुरात काय आधार आहे ते दाखवावं, आणि आधार नसेल तर ही माझी अटकळ आहे असं सांगावं. वेदी बांधण्यासाठी दावीद यबूसी माणसाचं खळं घेतो: ते खळं आणि बैल शमुवेलात ५० शेकेल (वजनाचं जुनं माप) चांदीला घेतले जातात, इतिहासात जागेसाठी ६०० शेकेल सोनं दिलं जातं. खळं आणि भोवतालची सगळी जागा असे दोन व्यवहार होते, हे उत्तर शक्य आहे. ते कितपत संभवनीय वाटतं, यावर सभेत मतभेद होऊ द्या.

त्या सत्राचा अध्यक्ष दोन्ही बाजूंना मान्य असलेला असावा, आणि कुणी या दोन अध्यायांबाहेर गेला तर त्याला थांबवण्याचा अधिकार त्याला द्यावा, मग तो बिशप असो की प्राध्यापक. दोन्ही वक्त्यांनी आपला दावा नेमका कोणता, आणि कशाला आपण चूक मानू किंवा मानणार नाही, हे एका पानावर लिहून द्यावं. ते पान श्रोत्यांच्या हाती आठवडाभर आधी पडावं, म्हणजे घरी वाचून, प्रश्न काढून लोक येतील. 'मला ठाऊक नाही' हे उत्तर दोघांनाही चालेल, असं अध्यक्षाने सुरुवातीलाच जाहीर करावं. आणि विचारायला उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना मंडळीचं नाव किंवा बाप्तिस्मा झाला आहे का, असं काही विचारू नये. त्यांचा प्रश्न घ्यावा.

प्रभूमध्ये आपली बहीण,
बायबल अभ्यासवर्ग घेणारी एक शिक्षिका